राखीव-तीन म्हणतात मला

मित्रांनो, मी एक रकाना आहे. वयाने जुना, राहायला संगणकाच्या पोटात, आणि अजून धक्क्यातून पुरता सावरलेला नाही. तेव्हा बोलता बोलता माझा आवाज चढला तर सांभाळून घ्या.

रकाना म्हटल्यावर तुमचं तोंड वाकडं झालं असेल. जुन्या छत्रीला, फुटक्या घड्याळाला, मोडक्या खुर्चीला मनोगत सांगायला बोलावतात. रकान्याला कोण विचारतो? पण तुमच्या शाळेच्या हजेरीत नावांच्या आडव्या ओळी असतात आणि वारांचे उभे रकाने असतात ना, तसाच मी. फक्त मी कागदावर नाही. घरांना, दवाखान्यांना आणि कारखान्यांना ऑक्सिजनचे सिलिंडर पोचवणारी एक कंपनी आहे. तिच्या संगणकात ग्राहकांची भली मोठी यादी आहे. प्रत्येक ग्राहकाची एक आडवी ओळ, आणि नाव, पत्ता, फोन, सिलिंडर किती, असे उभे रकाने. त्यांतला अगदी शेवटचा मी. मला डोळे नाहीत, कान नाहीत, तरी ऑफिसात कोण काय बोलतं ते मला कळतं. कसं कळतं ते विचारू नका. छत्रीला कोणी विचारत नाही.

मला जन्माला घातलं थोरल्यांनी. ते त्या कंपनीचे प्रोग्रॅमर. त्यांच्या हाताखाली एक धाकटा होता म्हणून ते थोरले. पुढे धाकटा दुसरी नोकरी धरून गेला, पण थोरले थोरलेच राहिले.

नावांच्या बाबतीत हा माणूस भारी कडक. नाव आखूड हवं, कारण त्या काळच्या संगणकाला लांब नावं पचत नसत. पण आखूड म्हणून काहीही चालणार नाही. नाव वाचल्याबरोबर आत काय ठेवलंय ते कळलं पाहिजे. एका ठिकाणी ‘ग्राहक’ आणि दुसऱ्या ठिकाणी ‘गिऱ्हाईक’ असं लिहिलेलं त्यांना मुळीच खपत नसे. धाकट्याने एकदा आळसाने एका रकान्याचं नाव ‘क्ष’ ठेवलं, तर थोरले त्याला म्हणाले, “अरे, उद्या तू इथे नसलास तर या ‘क्ष’चा पत्ता मी कोणाला विचारू?” धाकट्याने निमूटपणे नाव बदललं.

असा हा माणूस. आणि आम्हा शेवटच्या तीन भावंडांची नावं त्याने काय ठेवली असतील? राखीव-एक, राखीव-दोन, राखीव-तीन! मी ऐकलं आणि थक्कच झालो. कारण असं होतं की, यादीत नवा रकाना घालायचा तर सगळ्या ऑफिसचं काम दिवसभर बंद ठेवावं लागे. म्हणून थोरल्यांनी तीन रकाने आधीच जास्तीचे करून ठेवले. घर बांधताना भिंतीत दोन-चार खुंट्या जादा ठोकून ठेवतात, तसे. पुढे राखीव-एकमध्ये ग्राहकाचा दुसरा फोन जाऊन बसला. राखीव-दोनमध्ये घर कितव्या मजल्यावर ते बसलं आणि तो मजेत आहे. आणि मी?

एका सकाळी कंपनीच्या दोन गाड्यांपैकी एक बंद पडली. उरलेली गाडी पत्त्यांच्या क्रमाने निघाली. आधी वाटेवरचे कारखाने, मग पलीकडची वस्ती. त्या वस्तीत एका घरात एक बाई नळीतून ऑक्सिजन घेत पडून होती. तिच्याकडे गाडी पोचेपर्यंत घरच्यांनी तिला उचलून दवाखान्यात नेलं होतं. बाई वाचली. पण कंपनीच्या मालकीणबाई त्या दिवशी केबिनमधून जशा बाहेर आल्या, तसं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

“कारखाना दोन तास थांबला तर थांबला. माणूस कसा थांबेल?” त्या म्हणाल्या. “ज्या घरात श्वासासाठी सिलिंडर जातो ते घर सगळ्यांत आधी. आजच्या आज करा.”

आजच्या आज म्हणजे नवा रकाना घालायला वेळ नाही. थोरल्यांनी मला उघडलं. श्वासाचं घर असेल तर माझ्यात ‘हो’चा ‘ह’ लिहायचा, नसेल तर मला रिकामं सोडायचं. सकाळी गाड्यांचा क्रम लावणारा प्रोग्रॅम त्यांनी तसा बदलला: शेवटच्या रकान्यात ‘ह’ असेल ते आधी, बाकीचे नंतर. फोनवर मागण्या घेणाऱ्या मावशींच्या पडद्यावर एक नवी चौकट आली आणि तिच्यावर शब्द उमटला, ‘श्वास’. घाई इतकी की या दोन्ही ठिकाणी त्यांनी माझं नावसुद्धा लिहिलं नाही. ‘शेवटचा रकाना’ एवढंच संगणकाला सांगून मोकळे झाले.

धाकटा तेव्हा होता. त्याने विचारलं, “थोरले, याचं नाव बदलायचं ना? आत अजून राखीव-तीनच आहे.”

“नाव नंतर बघू रे. आधी गाड्या सुटू देत.”

मित्रांनो, ‘क्ष’वरून धाकट्याची कानउघाडणी करणारा हाच तो माणूस. माझा कानांवर विश्वास बसेना, म्हणजे असते तर बसला नसता. नाव सोनूबाई आणि हाती कथलाचा वाळा, असं लोक म्हणतात. माझं नेमकं उलटं झालं. माझ्या हाती सोनं आलं आणि नाव कथलाचं राहिलं.

पण ते दिवस चांगले होते. मावशी प्रत्येक नव्या घराला आधी विचारत, “श्वासासाठी हवाय का हो?” आणि हो म्हटलं की माझ्यात ‘ह’ टाकत. दर सकाळी प्रोग्रॅम आधी माझ्याकडे येई, मग बाकीच्यांकडे. पत्त्याचा रकाना केवढा लांबरुंद, पण त्याला माझ्या मागे उभं राहावं लागे. मी थोडा शेफारलोही होतो.

माझ्या सगळ्या ओळींमध्ये एक ओळ माझी लाडकी होती. शिट्टीवाल्या आजोबांची. हे आजोबा शाळेत खेळ शिकवत. जन्मभर मैदानात शिट्ट्या फुंकल्या आणि म्हातारपणी फुप्फुसांनी दगा दिला. बोललं की त्यांना धाप लागे. म्हणून मावशींनी फोनवर “आजोबा, कसे आहात?” असं विचारलं की ते एक आखूड शिट्टी वाजवत. शिट्टी म्हणजे ठीक. मग पुढचं त्यांची सून बोले. मावशी हसून म्हणत, “यांचा ‘ह’ तर कानाने ऐकू येतो.” पहिल्यांदा ती शिट्टी फोन कानापासून दूर धरावा लागेल अशी होती. वर्षं गेली तशी ती बारीक होत गेली, पण चुकली कधी नाही.

थोरले निवृत्त झाले. त्यांच्या निरोपाच्या भाषणात त्यांच्या शिस्तीचं सगळ्यांनी कौतुक केलं. मी आपला वाट पाहत होतो, आता तरी ‘नंतर’ येईल. थोरल्यांनी टेबल आवरलं, चष्म्याची डबी घेतली आणि निघून गेले.

मग आली नवी प्रोग्रॅमर. मुलगी हुशार, कामाला वाघ, आणि इतकी स्वच्छ की मावशींनी तिला आठवड्याभरात ‘टापटीप’ म्हणायला सुरुवात केली. तिने आमच्या यादीतली धूळ झाडली. एकाच दवाखान्याच्या तीन-तीन ओळी होत्या, त्यांची एक केली. कोणा विद्वानाने तारखेच्या रकान्यात ‘उद्या बघू’ असं लिहून ठेवलं होतं, तेही तिने काढून टाकलं. मला ती मनापासून आवडली होती. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढचं ऐकून तुम्ही तिला शिव्या द्याल.

वर्षअखेर आली. मोठ्या ग्राहकांना कॅलेंडर पाठवायची होती आणि कोणाला पाठवलं त्याची खूण कुठेतरी ठेवायची होती. टापटीपची नजर माझ्यावर पडली. राखीव-तीन! बहुतेक रिकामा, मध्ये मध्ये कुठेतरी एखादा ‘ह’ सांडलेला. कोणालाही वाटेल की कोणीतरी चाचणी घेतली आणि पुसायचं विसरलं.

तरी तिने घाई केली नाही, मित्रांनो. सगळे प्रोग्रॅम शोधले. राखीव-तीन हे नाव कुठेच सापडलं नाही. सापडणार कसं? थोरल्यांनी ते लिहिलंच नव्हतं. मग ती उठून मावशींकडे गेली.

“मावशी, राखीव-तीन तुम्ही कधी वापरता का हो?”

“राखीव? छे गं! आपल्याकडे राखीव असं काही नसतंच. माल आला की गेला.”

“नक्की ना? मग मी ते साफ करते.”

“कर की बाई. मला काय त्याचं!”

मी हबकलो. आतून ओरडलो, मावशी, अहो, मीच तो! रोज सकाळी माझ्यात ‘ह’ टाकता, आणि मला ओळखत नाही? पण मावशींना माझं हे नाव कोणी सांगितलंच नव्हतं. त्यांच्या लेखी मी ‘श्वास’. टापटीपच्या लेखी मी ‘राखीव-तीन’. दोघी माझ्याबद्दल बोलत होत्या आणि दोघींना ते ठाऊक नव्हतं. रकान्याला तोंड नसतं, ही गोष्ट मला त्या दिवशी जितकी टोचली तितकी कधी टोचली नव्हती.

तिने आधी सगळ्या यादीची एक प्रत काढून बाजूला ठेवली. टापटीपच ती. मग मला पुसलं. सगळी घरं, सगळे ‘ह’, शिट्टीवाल्या आजोबांचाही, गेले. मला दुखलं नाही. पुसताना दुखत नाही, हाच त्यातला वाईट भाग. संध्याकाळच्या आत तिने मला पुन्हा भरलं. ज्या ज्या ग्राहकाला कॅलेंडर गेलं, त्याच्या ओळीत ‘ह’. वेल्डिंगवाला, ‘ह’. लोखंडी कपाटांचा कारखाना, ‘ह’. आणि ते सगळे ‘ह’ दिसायला अगदी पहिल्यांसारखेच.

दुसऱ्या दिवशी सकाळी प्रोग्रॅम नेहमीप्रमाणे आधी माझ्याकडे आला. मी काय करणार? माझ्यात होतं ते मी दिलं. नेमकी त्याच दिवशी एक गाडी दुरुस्तीला गेलेली. उरलेल्या गाडीचे ड्रायव्हर, सगळे त्यांना दादा म्हणतात, क्रमाचा कागद घेऊन निघाले.

फोन आला तो कौतुकाचा. वेल्डिंगवाला बोलत होता. “मावशी, आज तर कमाल केलीत! दुकानाचं शटर उघडायच्या आत गाडी दारात. आणि कॅलेंडरही छान आहे बरं का!”

मावशी हसल्या, “राहू दे, राहू दे,” म्हणाल्या, फोन ठेवला. आणि त्यांचं हसू तिथेच थांबलं. त्यांनी वेल्डिंगवाल्याची ओळ उघडली.

“टापटीप, इकडे ये जरा. या वेल्डिंगवाल्याला कधीपासून दम लागायला लागला?”

टापटीप आली. पडद्यावर ‘श्वास’ची चौकट होती आणि तिच्यात ‘ह’ होता. “ही चौकट कुठून येते?” ती पुटपुटली आणि आपल्या जागी जाऊन शोधू लागली. मग तिच्या बोटांचा आवाज बंद झाला.

“मावशी,” ती म्हणाली, “हे राखीव-तीन आहे.”

“मला नाही ठाऊक तुझं राखीव-बिखीव. हा श्वास आहे!”

तेवढं बोलून मावशीच दचकल्या. दोघी एकमेकींकडे पाहत उभ्या राहिल्या. मग मावशींनी आजोबांची ओळ उघडली. चौकट रिकामी होती.

फोन सुनेनेच घेतला. “अहो, सिलिंडरचा काटा तांबड्यात गेलाय,” ती भराभर बोलत होती. “जादाचा सिलिंडर कालच लावावा लागला. मी फोन करणारच होते, पण म्हटलं गाडी येतच असेल. आमच्याकडे नेहमी आधीच येते ना!”

“येतेय, येतेय. त्यांना बसतं करा. खिडक्या उघडा. फोन ठेवू नका.” मावशींनी एक फोन कानाला तसाच धरला आणि दुसऱ्याने दादांना गाठलं. दादा कपाटांच्या कारखान्यात सिलिंडर उतरवत होते.

“सगळं तिथंच सोडा आणि शिट्टीवाल्यांकडे जा! दादा, त्यांचा संपत आलाय.”

पलीकडून दादा म्हणाले, “मला सकाळीच खटकलं होतं हो. आजोबा शेवटी कसे? पण म्हटलं, संगणकाने सांगितलंय म्हणजे काहीतरी असेल.” मग गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला.

मालकीणबाईंनी रुग्णवाहिकेला फोन लावला. ती निघाली, पण दूर होती. टापटीपने कालची प्रत उघडली. तिने एकेक घर वाचून दाखवलं आणि बाईंनी एकेका घरी फोन केला. बाकीच्यांकडे जादा सिलिंडर होते. सगळी घरं ठीक होती. एक सोडून.

मावशींच्या कानाशी धरलेल्या फोनमधून सून आता बोलत नव्हती. “बाबा, माझ्याकडे बघा. बाबा!” एवढंच येत होतं. मग तेही थांबलं. टापटीप मावशींच्या खुर्चीमागे उभी होती आणि तिने ती खुर्ची दोन्ही हातांनी घट्ट धरली होती.

मग फोनमध्ये जिन्यावरून काहीतरी जड आपटत वर येताना ऐकू आलं. दादांचा आवाज आला, “सरका, सरका.” लोखंडावर पाना फिरला. फुस्स झालं.

“आजोबा?” मावशी म्हणाल्या. “आजोबा, कसे आहात?”

आणि शिट्टी आली. शिट्टी कसली, नुसती फुंकर, मध्येच तुटलेली. पण आली.

मावशींनी फोन टेबलावर ठेवला आणि पदर तोंडाला लावला. टापटीप खाली फरशीवर बसली. थोड्या वेळाने मावशीच तिच्याजवळ गेल्या.

“तू विचारलं होतंस गं. मीच नाही म्हणाले.”

“तुम्ही खरं तेच सांगितलंत,” टापटीप म्हणाली. “मीपण नीटच विचारलं होतं. मग हे असं कसं झालं?”

त्याचं उत्तर थोरल्यांकडे होतं. बाईंनी त्यांना घरी फोन लावला आणि सगळं सांगितलं. म्हातारा माणूस म्हणाला, “अरे देवा. ते राहूनच गेलं.”

त्याच दुपारी टापटीपने मावशींची खुर्ची आपल्या शेजारी ओढून घेतली. जुने ‘ह’ एकेक करून माझ्यात परत ठेवले. कॅलेंडरसाठी वेगळा रकाना केला आणि त्याचं नाव ठेवलं ‘कॅलेंडर पाठवले’. आता नवा रकाना घालायला दिवसभर काम बंद ठेवावं लागत नाही. चहा निवायच्या आत होतं. हे ऐकूनही मी चाट पडलो. म्हणजे त्या कॅलेंडरसाठी माझी गरजच नव्हती!

मग ती माझ्याकडे वळली. “मावशी, याला नाव काय देऊ?”

“श्वास आहे तो. श्वासच म्हण.”

“नुसता श्वास नको. उद्या तुम्ही नसाल, मी नसेन. तिसऱ्या कोणीतरी वाचल्याबरोबर त्याला कळलं पाहिजे.”

दोघींनी डोकी जुळवली, खोडलं, पुन्हा लिहिलं. शेवटी माझं नाव ठरलं: ‘घरी श्वासासाठी ऑक्सिजन’. आत तेच, पडद्यावर तेच, क्रम लावणाऱ्या प्रोग्रॅममध्येही तेच. एवढं लांब नाव! थोरल्यांच्या संगणकाला अजीर्ण झालं असतं. मला मात्र ते ऐकून भरून आलं. जन्मभर लोक हाक कोणा वेगळ्यालाच मारत असावेत आणि एक दिवस त्यांनी ती आपल्याला मारावी, तसं झालं.

मित्रांनो, माझं तुमच्यापाशी एकच मागणं आहे. उद्या तुम्ही मोठे व्हाल, यंत्रांना कामं सांगाल, आमच्यासारख्या मुक्या रकान्यांना नावं ठेवाल. तेव्हा आत काय ठेवलंय ते नावातच सांगा. ते रोज वापरणारी माणसं त्याला काय म्हणतात, हेही त्यांच्याजवळ बसून विचारा. नाव नंतर बघू, असं मात्र म्हणू नका. थोरल्यांसारखा शिस्तीचा माणूस म्हणाला, तरी ते ‘नंतर’ आलं नाही.

आजोबांचं राहिलं सांगायचं. त्यानंतर ते पुष्कळ दिवस जगले. परवा सुनेचा फोन आला. “सिलिंडर घेऊन जा,” ती म्हणाली. “झोपेतच गेले. अर्धा भरलेला आहे अजून.” मावशींनी “बरं” म्हटलं, फोन ठेवला, त्यांची ओळ उघडली आणि माझ्यातला ‘ह’ स्वतःच्या हाताने पुसला. त्या ओळीत मी आता रिकामा आहे. टापटीपने ती चौकट पाहिली, वरचं माझं नाव वाचलं, आणि मावशींना काही विचारलं नाही. उठून त्यांच्यासाठी पाणी आणलं.